वांड असला तरी घरचाच



कुत्र्याच्या इमानदारीच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. मालकासाठी जीव देणारा कुत्रा, चोराची तंगडी धरणारा कुत्रा, धनी गेल्यावर अन्नपाणी सोडणारा कुत्रा. गोष्टीतली सगळी कुत्री गुणी. पण आपल्या चाळींतून, नगरांतून, वस्त्यांतून जी कुत्री खरोखर नांदतात, त्यांतली बरीचशी वांड असतात. चोरापुढे शेपूट हलवतात आणि माहेरपणाला आलेल्या आत्याबाईंवर भुंकतात. सांगितलेले ऐकत नाहीत आणि न सांगितलेले मन लावून करतात. त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. या आठवड्याचे सदर आम्ही त्यांच्यासाठी राखले आहे. गुणी कुत्र्यावर माया करायला फारसे काही लागत नाही. वांड कुत्र्यावर माया करताना मात्र साऱ्या घराची परीक्षा होते.

गुन्ह्यांची यादी

आमच्या घरी बंड्या आहे. गावठी जात, तपकिरी रंग, एक कान उभा आणि एक पडलेला. नऊ वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या लेकीने गटाराच्या कडेला कुडकुडणारे पिल्लू फ्रॉकच्या ओच्यात घालून आणले. "पाऊस थांबला की सोडू," असे घरात ठरले. पाऊस थांबला, बंड्या राहिला.

पहिल्या वर्षात त्याने सात चपला खाल्ल्या. एकाही जोडीच्या दोन्ही नाहीत, त्यामुळे सातही जोड वाया. आठवी चप्पल भंतेजींची. ते हसले आणि दुसऱ्या पायातलीही काढून ठेवून अनवाणी विहाराकडे निघाले. पोरांनी संध्याकाळी त्यांना नवा जोड नेऊन दिला. तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांच्या चपला पोटमाळ्याच्या शिडीला टांगलेल्या असतात.

शेजारच्या काकींनी वाळत घातलेले बोंबील त्याने दोरीसकट ओढून नेले. एका रविवारी अर्धा किलो मटण पातेल्यातून काढून खाल्ले आणि रस्सा तसाच ठेवला. पाहुण्यांनी रस्सा-भाकरीवर वेळ भागवली. सिलिंडरवाला, मीटर वाचायला येणारा, कुरिअरचा पोरगा, खांद्यावर पिशवी असलेला प्रत्येक माणूस याचा वैरी. आणि ज्या रात्री दारातली सायकल चोरीला गेली, त्या रात्री हा ओट्याखाली घोरत होता.

ही यादी आम्ही कौतुकाने सांगत नाही. आठ जोड चपलांचे पैसे कष्टाच्या घरात लहान नसतात. ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे त्यांना हे सांगायला नको.

खोडी येते कुठून?

कुत्र्याला आपण माणसासारखे डोके लावतो. "मुद्दाम करतो बघा," "सूड घेतो," असे म्हणतो. त्यामागची कारणे बहुधा साधी असतात.

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून सापडेल ते चावावेसे वाटते. चप्पल त्याला जास्त आवडते, कारण तिला घरच्या माणसांचा वास असतो. जुन्या कापडाला गाठी मारून, ओले करून दिले तर चपलेचा जीव वाचतो.

भुंकण्याचे मूळ बरेचदा भीतीत असते. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे पाहते, हुंगते, ऐकते, ते त्याला पुढे ओळखीचे वाटते. त्या दिवसांत ज्याने पिशवीवाला माणूस पाहिला नाही, त्याला पुढे प्रत्येक पिशवीवाला परका. आमच्या बंड्याचे ते दिवस पावसामुळे घरातच गेले.

त्याचे कानही आपल्याहून तिखट. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासपर्यंत. दिवाळीत फटाके सुरू झाले की एरवी साऱ्या गल्लीवर गुरगुरणारा हा वांडोबा मोरीत शिरून थरथरत बसतो. त्या वेळी त्याला ओढून बाहेर काढू नये. दार लोटून घ्यावे, पंखा किंवा रेडिओ लावावा, जवळ कुणीतरी बसावे.

आणि एक कारण म्हणजे कंटाळा. दहा बाय बाराच्या खोलीत दिवसभर साखळीला बांधलेला जीव संध्याकाळी गादी फाडतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवून आणलेला कुत्रा खोड्या पुष्कळ कमी करतो. हे काम आमच्या थोरल्याकडे आहे. कोण कोणाला फिरवतो, हे अजून ठरलेले नाही.

आता त्याच्या अपराधी चेहऱ्याविषयी. आपण घरी येतो, उशी फाटलेली असते, कुत्रा कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात जातो. आपण म्हणतो, "बघा, याला कळतंय काय केलंय ते!" अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ साली १४ पाळीव कुत्र्यांवर याची परीक्षा घेतली. मालकाने खाऊला तोंड लावू नको म्हणून सांगायचे आणि खोलीबाहेर जायचे. मागे कधी कुत्र्याने खाऊ खाल्लेला असे, कधी नसे, पण मालकाला काही वेळा मुद्दाम खोटेच सांगितले जाई. दिसले असे की, कुत्र्याने खाल्ले की नाही यावर तो चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला की चेहरा पडे. ज्यांनी काहीच केले नव्हते आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे सर्वांत जास्त पडले.

म्हणजे ज्याला आपण गुन्ह्याची कबुली समजतो, ती आपल्या आवाजाची भीती असते. दुपारच्या उशीसाठी संध्याकाळी काठी घातली, तर त्याला उशीचे काही कळत नाही. घरी येणाऱ्या माणसाच्या हाताला भ्यायचे, एवढे मात्र तो शिकतो. तोंडात चप्पल असतानाच "नको" म्हणावे, चप्पल काढून गाठीचे कापड द्यावे आणि ते धरले की पाठीवरून हात फिरवावा. हे शंभर वेळा करावे लागते. एकशे एकाव्या वेळी तो ऐकतो, कधी कधी.

"खाडीपलीकडे सोडून या"

इथवर हसण्यावारी नेले, पण पुढची गोष्ट हसण्याची नाही. चार वर्षांपूर्वी गल्लीतल्या आठ वर्षांच्या एका पोराने बंड्या खात असताना मागून त्याची शेपटी ओढली. बंड्याने वळून त्याची पोटरी धरली. दोन दात रुतले, रक्त आले.

पोराला उचलून नळाखाली बसवले आणि साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने जखम धुतली. कुणी हळद घेऊन धावले, कुणी चुना, कुणी मिरची. त्यातले काही लावू दिले नाही. त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस सुरू केली. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्या धास्तीने अजूनही काही माणसे दवाखाना टाळतात. ती जुनी लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली. आता दंडावर मोजकी इंजेक्शने देतात आणि ती सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. जखम खोल असेल तर जखमेभोवती आणखी एक औषध टोचतात. सांगितलेल्या तारखा एकही चुकवायच्या नाहीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. म्हणून कुत्रा घरचा असो, लस टोचलेला असो, दात लागला की डॉक्टरला दाखवायचेच. बंड्याच्या लसीचे कार्ड वेळच्या वेळी भरलेले होते. तरीही त्याला दहा दिवस बांधून, नजरेखाली ठेवले. पोरगा बरा झाला. पोटरीवर दोन वण राहिले.

त्या रात्री चाळीची बैठक बसली. "पोत्यात घाला आणि खाडीपलीकडे सोडून या," असे चार-सहा जण म्हणाले. ती माणसे वाईट नव्हती. ज्याचे लेकरू रडले आहे, त्याला राग यायचाच. त्या पोराच्या आईचा प्रत्येक शब्द आम्ही मान खाली घालून ऐकला.

पण खाडीपलीकडे सोडणे म्हणजे काय, याचा विचार करा. अनोळखी जागेत सोडलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री फाडायला उठतात. तो खाणे शोधण्याऐवजी बरेचदा सोडलेल्या जागीच वाट बघत बसतो. पाळलेल्या जनावराला उपाशी-तहानलेले पडेल असे टाकून देणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हाही आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, तिकडेही वस्ती आहे, तिकडेही लेकरे आहेत. घाबरलेला, भुकेला बंड्या तिथल्या पोराला चावला, तर लसीचे कार्ड घेऊन पुढे यायला तिथे कोण असणार? आपल्या गल्लीचा धोका पोत्यात बांधून दुसऱ्याच्या गल्लीत टाकायचा, याला तोडगा कसे म्हणावे?

आम्ही बैठकीत सांगितले, बंड्याला सोडणार नाही. पण उद्यापासून तो साखळीशिवाय दाराबाहेर येणार नाही. गर्दीतून नेताना तोंडाला जाळी राहील. खाताना दार बंद राहील. पोराच्या प्रत्येक इंजेक्शनला रिक्षा आमची, सोबत आमची. पुढच्याच महिन्यात परळच्या बैलघोड्याच्या दवाखान्यात नेऊन त्याची नसबंदी करून घेतली. पोराची आई त्यानंतर सहा महिने आमच्याशी बोलली नाही. तो तिचा हक्क होता. पुढे बोलू लागली, तेही आपणहून.

आजीचा सवाल

बैठकीहून घरी आलो, तर खरा सवाल घरात वाट बघत होता. आमच्या आईला सारी चाळ आजी म्हणते. ती सातारा भागातल्या खेड्यातून आलेली. बंड्या आला तेव्हापासून तिने त्याला कधी हात लावला नव्हता. ती म्हणाली, "माणसापरीस कुत्रं मोठं झालं का रं तुमाला?" मग थांबून म्हणाली, "आमच्या येळंला वाड्यातलं कुत्रं सोप्यात लोळायचं, आन् आमी भाईर उनात हुबं. भाकर वरनं टाकायची, त्येला बी आन् आमाला बी. पर त्येच्या पाठीवरनं हात फिरवायची. आमाला शिवायची न्हाई."

यावर चटकन उत्तर देता येत नाही, देऊही नये. आपल्या घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात कुत्रा हा असा बसलेला आहे. महाडच्या चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना, गुराढोरांना पाणी होते आणि आपल्या माणसांना बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या पाण्याला हात लावला, तो माणूसपणाच्या हक्कासाठी. ज्यांना कुत्र्याच्याही खाली ठेवले गेले, त्यांच्या नातवंडांनी कुत्रा मांडीवर घ्यावा, हे आजीला कसे गोड वाटावे?

दुसऱ्या दिवशी लेकीने भिंतीवरची तसबीर खाली काढली. १९३४ सालचे दादरच्या राजगृहातले ते छायाचित्र पुष्कळांच्या घरी असेल. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव. आजी त्या तसबिरीला रोज हात जोडते. लेकीने खाली बोट ठेवले आणि म्हणाली, "आजी, आणि हा टॉबी. बाबासाहेबांचा लाडका कुत्रा." आजीने चष्मा पुसला, तसबीर उजेडाकडे धरली. बराच वेळ पाहून म्हणाली, "ह्यो बी वांड आसंल का गं?"

ते काही आम्हाला सांगता आले नाही. पण ज्यांनी आपल्याला माणूस म्हणून उभे केले, त्यांच्या घरात कुत्र्यालाही जागा होती, एवढे त्या तसबिरीत दिसते. तळ्यावर कुत्र्याला पाणी मिळाले, हा कुत्र्याचा अपराध नव्हता. पाण्याची राखण करायला माणसे बसली होती. कुत्र्याने तर कधी कुणाची जात हुंगली नाही.

जातककथांत एक कुक्कुर जातक आहे. वाराणसीच्या राजाचा रथ रात्रभर अंगणात पावसात भिजला आणि वाड्यातल्याच कुत्र्यांनी त्याचे चामडे कुरतडून खाल्ले. सेवकांनी सांगितले, मोरीतून बाहेरची कुत्री आत शिरली. राजाने नगरातली सगळी कुत्री मारायचा हुकूम सोडला, फक्त वाड्यातली वगळून. तेव्हा स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा म्होरक्या, म्हणजे बोधिसत्त्व, राजापुढे गेला. त्याने वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात कुश गवत घालून पाजायला लावले. त्यांच्या पोटातून चामड्याचे तुकडे बाहेर पडले आणि राजाने हुकूम मागे घेतला. खोडी कोणाची, शिक्षा कोणाला, हे आधी नीट पाहावे, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

अटी कुणावर?

"विनाअट माया" हे शब्द हल्ली फार ऐकू येतात. काहींना वाटते, विनाअट म्हणजे मोकाट. गल्लीत सोडायचा, कुणाच्या दारात घाण केली तर बघायचे नाही, पोरे ओरडली तर हसून म्हणायचे, "आमचा काही करत नाही हो!" आमच्या मते ही माया नव्हे, हा आळस आहे. मायेवर अट नसली म्हणजे सगळ्या अटी आपल्यावर येतात. तो सुधारेल तर ठेवू, हे म्हणता येत नाही. तो जसा आहे तसा ठेवायचा, म्हणून लस, साखळी, फिरवणे, घाण उचलणे आणि शेजाऱ्याची माफी मागणे, ही सगळी आपली कामे होतात.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दर वर्षी. मुंबईसारख्या शहरात महापालिकेचा परवाना काढावा लागतो, तो काढावा. खायला महागडी पाकिटेच हवीत असे नाही. भात, भाकरी, अंडे, मटणाच्या दुकानातले स्वस्त तुकडे उकडून दिले तरी गावठी कुत्रा ठणठणीत राहतो. मात्र कांदा-लसूण घातलेले कालवण, चॉकलेट आणि द्राक्षे देऊ नयेत, ती त्याला बाधतात. कोंबडीची शिजलेली हाडेही नकोत, त्यांच्या टोकदार काड्या होऊन घशात, आतड्यात रुततात.

एवढे करून मिळते काय, असा हिशेब कुणी विचारील. माणूस आणि कुत्रा यांची सोबत या हिशेबाहून जुनी आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली खाणीत एक जुने दफन सापडले. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचे पिल्लू. साधारण १४,००० वर्षांपूर्वीचे. २०१८ साली संशोधकांनी त्या पिल्लाचे दात तपासून लिहिले की, त्याला मरण्यापूर्वी काही आठवडे जबर आजार होता, बहुधा डिस्टेंपर. ते तेवढे जगले, कारण कुणीतरी त्याला ऊब आणि दाणापाणी देत होते. शिकारीला त्याचा उपयोग नव्हता, राखणीला नव्हता. तरी त्या माणसांनी त्याला टाकले नाही, आणि शेवटी आपल्याबरोबर मातीत घेतले.

आमच्या घरी या मायेचा उपयोग कुठे झाला, तेही सांगतो. तीन वर्षांपूर्वी थोरला दहावीला गणितात नापास झाला. निकालाच्या दिवशी अशी पोरे घरी येत नाहीत, स्टेशनवर, पुलावर बसून राहतात. त्या संध्याकाळी आईबापाच्या जिवाची काय गत होते, ते आम्ही अनुभवले. हा मात्र रात्री नऊला आपल्या पायांनी घरी आला. त्याने बंड्याला सोडले, फिरवून आणले, मग जेवायला बसला. पुढे पुरवणी परीक्षेत पास झाला, आयटीआयला गेला, आज वायरमनचे काम करतो. मागे एकदा बोलता बोलता त्याला विचारले, "त्या दिवशी घरी यायला भीती नाही वाटली?" तो म्हणाला, "एवढ्या चपला खाऊन, चावून, बंड्याला तुम्ही काढलं नाही. मग मला कोण काढणार होतं?"

वाचकहो, लेकरे आपले बोलणे कमी ऐकतात आणि वागणे जास्त बघतात. त्रास देणारा जीव घरात ठेवतात की पोत्यात घालतात, हे ती दाराआडून पाहत असतात. त्यावरून आपले या घरात काय होईल, याचा अंदाज बांधत असतात. म्हातारपणी आपले काय होईल, याचाही अंदाज आपण तिथेच बांधावा.

तुमच्या दारात असा कुणी वांडोबा असेल तर त्याचे लसीचे कार्ड आजच काढून तारीख बघा. उलटली असेल तर येत्या सुट्टीला त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. चपला मात्र उंचावर टांगून जा.